उंबरठ्यावरचा यात्रेकरू

पॅरिस सोडून नैर्ऋत्येच्या दिशेने निघाले, की काही अंतरावर बोस नावाचे विस्तीर्ण पठार लागते. तेथे डोंगर नाही, दरी नाही, दाट रान नाही. दृष्टी पोहोचेल तिथवर गव्हाची शेते पसरलेली असतात. फ्रान्सचे धान्याचे कोठार म्हणून या प्रदेशाची ख्याती आहे. या सपाटीवर एका लहानशा टेकाडाच्या आधाराने शार्त्र हे गाव वसले आहे आणि त्या गावाच्या माथ्यावर मारियामातेच्या नावाने उभारलेले कॅथीड्रल आहे. ११९४ साली आगीने जुन्या मंदिराचा बहुतेक भाग भस्मसात केला. त्यानंतर सध्याची वास्तू उभी राहिली आणि १२६० साली तिचा अभिषेकविधी झाला. तिला दोन मनोरे आहेत. एक बाराव्या शतकातला, साधा आणि सरळ. दुसऱ्याचे शिखर सोळाव्या शतकाच्या आरंभी नव्याने चढवलेले, नक्षीदार आणि थोडे अधिक उंच. मारियामातेचे म्हणून मानले जाणारे एक वस्त्र येथे शतकानुशतके जतन केलेले आहे आणि त्याच्या दर्शनासाठी मध्ययुगापासून यात्रेकरू पायी येत आले आहेत. मैदान इतके सपाट आहे, की गाव दिसण्याच्या कितीतरी आधी गव्हाच्या शेतांतून नुसते मनोरेच वर आलेले दिसतात. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला कळस दिसताच जे वाटते, त्याची कल्पना असणाऱ्या श्रोत्याला या दृश्याचे मोल निराळे सांगायला नको.

१९१२ सालच्या जून महिन्याच्या १४ तारखेला एक गृहस्थ पॅरिसजवळच्या लोझेर या गावातील आपल्या घरातून निघाला आणि या मनोऱ्यांच्या दिशेने चालू लागला. वय ३९, बांधा ठेंगणा, दाढी राखलेली, नाकावर चष्मा. पायी प्रवासाची त्याला मुळीच सवय नव्हती. त्याचे नाव शार्ल पेगी. पॅरिसच्या साहित्यवर्तुळात हे नाव बरेच परिचित होते आणि अनेकांना ते नकोसेही झाले होते. कारण हा मनुष्य समाजवाद्यांना सोडून आलेला, कॅथलिकांनी पुरता आपला न मानलेला आणि दोघांशीही सारख्याच आवेशाने भांडणारा होता. त्याला हरवलेली श्रद्धा पुन्हा सापडली होती. पण ज्या चर्चची ती श्रद्धा, त्या चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्याची मुभा मात्र त्याला नव्हती. हा पेच काय होता आणि तो त्याला शार्त्रच्या वाटेवर का घेऊन आला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेगीचा जन्म १८७३ साली ऑर्लेआं येथे झाला. वडील सुतारकाम करीत. १८७० च्या जर्मन युद्धात त्यांची प्रकृती ढासळली आणि मुलगा वर्षाचाही झाला नव्हता तोच ते वारले. आई खुर्च्यांच्या बैठका गवताने विणून देण्याचे काम करी. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिची बोटे चालत असत, आणि विणकाम मनासारखे जमले पाहिजे, मग ते कोणाला दिसो वा न दिसो, हा तिचा बाणा होता. घरात आजीही होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण जुन्या कथा ती नातवाला सांगे. हे ऑर्लेआं म्हणजे झान दार्कचे गाव. इंग्रजांचा वेढा १४२९ साली तिने उठवला, त्याचा उत्सव तेथे दर मे महिन्यात होतो. शाळेत प्रजासत्ताकाचे गुरुजी आणि चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारे धर्मगुरू, अशा दोन्ही ओंजळींनी या मुलाने पाणी प्यायले. पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर तो पॅरिसला गेला, १८९४ साली तेथील सुप्रसिद्ध एकोल नॉर्माल या विद्यालयात दाखल झाला आणि बर्गसाँच्या तत्त्वज्ञानाने भारावला.

पण तोवर त्याची श्रद्धा गळून पडली होती. कारण केवळ विज्ञानाचे किंवा तर्काचे नव्हते. नरकाचा सिद्धान्त त्याला सोसवेना. काही जीव कायमचे बाहेर राहणार, त्यांना पुन्हा दार उघडणारच नाही, आणि तरीही उरलेल्यांनी स्वर्गात सुखाने राहायचे, ही कल्पनाच त्याला असह्य झाली. १८९७ साली त्याने झान दार्कवर एक दीर्घ नाटक लिहिले. त्यातील झान याच वेदनेने तळमळते: जे हरवले त्यांचे काय? त्याच काळात तो समाजवादी झाला, तोही याच प्रश्नापायी. त्याच्या कल्पनेतील सुसंवादी नगरीत कोणीही परका राहणार नव्हता. दारिद्र्यामुळे माणूस समाजाच्या बाहेर फेकला जातो, तेव्हा तो एका प्रकारच्या नरकातच पडतो, असे त्याला वाटे.

त्याच वर्षी त्याने शार्लोत बोदुआँ हिच्याशी विवाह केला. ती त्याच्या दिवंगत मित्राची बहीण. तिचे घराणे कडवे प्रजासत्ताकवादी आणि धर्मनिरपेक्ष; तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. विवाह अर्थातच फक्त सरकारी पद्धतीने झाला. पत्नीने माहेरून आणलेले धन पेगीने समाजवादी पुस्तकांच्या दुकानात घातले आणि ते दुकान बुडाले. त्यापूर्वीच द्रेफ्यूस प्रकरण पेटले होते. ज्यू असलेल्या एका निरपराध लष्करी अधिकाऱ्याला १८९४ साली देशद्रोही ठरवून शिक्षा दिली गेली होती. पेगी त्याच्या बाजूने झगडणाऱ्यांत आघाडीवर होता. मात्र सत्य जिंकू लागल्यावर आपल्याच पक्षाचे लोक त्या विजयाचे राजकीय भांडवल करीत आहेत, असे त्याला दिसले आणि तो एकाकी पडला. १९०० सालच्या जानेवारीत त्याने ‘पाक्षिक वह्या’ या अर्थाचे नाव असलेले स्वतःचे नियतकालिक काढले. सोर्बोन विद्यापीठासमोरच्या एका लहानशा गाळ्यातून ते निघे. मजकुराची जुळणी, मुद्रिते, टपाल, वर्गणीदारांचा हिशेब, सगळे तो जातीने पाही. महात्मा गांधी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रे लिहून भारतीयांना जवळचे झालेले रोमाँ रोलाँ यांची ‘झाँ ख्रिस्तोफ’ ही कादंबरी प्रथम याच वह्यांतून प्रसिद्ध झाली. पुढे रोलाँ यांनी आपल्या अखेरच्या दिवसांत पेगीचे दोन खंडांचे चरित्रही लिहिले.

१९०८ सालच्या सप्टेंबरात पेगी आजारी होता; कर्ज, श्रम आणि निराशा यांनी खचला होता. शाळकरी दिवसांचा मित्र जोझेफ लोत त्याला भेटायला आला. बोलता बोलता पेगीचे डोळे भरून आले आणि आपल्याला श्रद्धा परत मिळाली आहे, आपण कॅथलिक आहोत, असे त्याने सांगितले. या घटनेला धर्मांतर किंवा परतणे म्हटलेले त्याला खपत नसे. आपण मागे फिरलोच नाही, असे त्याचे म्हणणे. ज्या वाटेने न्याय शोधीत निघालो, ती वाट खोल खोल खणीत गेलो आणि तळाशी हा झरा लागला, असा त्याच्या सांगण्याचा भावार्थ होता. म्हणूनच समाजवादी तरुणपण त्याने कधी नाकारले नाही. बर्नार-लाझार हा त्याचा ज्यू आणि निरीश्वरवादी मित्र द्रेफ्यूससाठी झिजला आणि १९०३ साली उपेक्षेत मेला. श्रद्धा परत मिळाल्यानंतर १९१० साली लिहिलेल्या पुस्तकात पेगीने त्याचे चित्र रंगवले, ते एखाद्या प्राचीन संदेष्ट्याचे म्हणून!

पण खरी कसोटी घरात होती. कॅथलिक नियमाप्रमाणे बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीचा विवाह चर्चच्या साक्षीने व्हावा लागतो. पेगीचा विवाह तसा झालेला नसल्यामुळे चर्चच्या दृष्टीने तो विवाहच नव्हता. आणि अशा स्थितीत संसार करणाऱ्याला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. पत्नीने धर्मविधीला संमती दिली असती आणि मुलांचा बाप्तिस्मा होऊ दिला असता, तर मार्ग निघण्याजोगा होता. परंतु शार्लोतला ते मान्य नव्हते. जी गोष्ट आपल्याला सत्य वाटत नाही तिला होकार द्यायचा कसा, हा तिचा प्रश्न होता. आणि असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा आदर करायला पेगी स्वतःच आयुष्यभर शिकवीत आला होता. त्याचा तरुण मित्र झाक मारितँ, जो पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाला, तोही नुकताच कॅथलिक झाला होता. त्याने पेगीच्या घरी जाऊन मध्यस्थी करून पाहिली. तिने जखम भरण्याऐवजी चिघळलीच. आता पेगीने कठोर व्हावे, निदान मुलांसाठी तरी निर्णय घ्यावा, असा श्रद्धाळू मित्रांचा आग्रह होता. पेगीने तो मानला नाही.

येथे त्याच्या तरुणपणीच्या बंडाची आठवण होते. काही जणांना बाहेर ठेवणारा स्वर्ग नको, म्हणून ज्याने धर्म सोडला, तो आता पत्नीला आणि तीन मुलांना दाराबाहेर ठेवून एकटाच आत कसा शिरणार? नियम खोटा आहे असे तो म्हणाला नाही. चर्चविरुद्ध त्याने दावा मांडला नाही. तो फक्त आपल्या माणसांबरोबर बाहेर थांबला. याच सुमारास त्याच्या मनाचा दुसरा एक कोपराही पेटलेला होता. एका तरुण स्त्रीवर त्याचे उत्कट प्रेम जडले होते. तिने दुसऱ्याशी विवाह करावा यासाठी त्याने स्वतःच प्रोत्साहन दिले, १९१० साली तो विवाह झाला आणि पेगी आपल्या संसाराशी एकनिष्ठ राहिला. त्या निष्ठेची किंमत किती होती, हे त्याच्या उत्तरकालीन कवितेत जागोजाग जाणवते.

अशा माणसाला धर्माच्या कोठारातले काय उरते? ख्रिस्तप्रसाद नाही, पापनिवेदनानंतरची क्षमा नाही, वेदीपाशी गुडघे टेकणाऱ्यांच्या रांगेत जागा नाही. उरते ती प्रार्थना, आणि उरतात ते स्वतःचे पाय. तीर्थयात्रेला कोणी अधिकारपत्र विचारीत नाही. रस्ता सर्वांचा असतो. त्यावर संतही चालतो आणि ज्याचे काही अडले आहे तोही चालतो. मुलाच्या आजारपणात पेगी घाबरून गेला होता, तेव्हा त्याने नवस बोलला होता आणि या यात्रेचे निमित्त म्हणून त्याने मित्राला तेच सांगितले. विद्वानांच्या शहरात राहणाऱ्या लेखकाने खेड्यातल्या आईसारखा नवस बोलावा, याची कोणाला गंमत वाटली असती. पेगीला त्यात काही कमीपणा दिसला नाही.

दुर्दां या गावावरून वाट जात होती. जाऊन-येऊन १४४ किलोमीटरची ही चाल होती. सवय नसलेले पाय सुजले, अंग ठणकू लागले. क्रूसयुद्धाला जाणे याहून सोपे असेल, असे त्याने नंतर थट्टेने म्हटले. शनिवारी शार्त्र सतरा किलोमीटरांवर असताना गव्हाच्या शेतांपलीकडे मनोरा दिसला. त्या क्षणी थकवा नाहीसा झाला, पायांची जाणीव उरली नाही, मनावरचा सगळा मळ एकदम गळून पडला आणि आपण दुसराच माणूस झालो, असे त्याने लोतला सांगितले. त्या संध्याकाळी तासभर आणि रविवारी सकाळी तासभर त्याने कॅथीड्रलमध्ये प्रार्थना केली. आजवर कधी केली नव्हती अशी ती प्रार्थना होती. तिच्यात आपल्या शत्रूंसाठीही देवाकडे मागणे मागता आले, याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले. रविवारच्या महामिस्सेला मात्र तो थांबला नाही. गर्दीची भीती वाटली, एवढेच कारण त्याने दिले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मुलांसंबंधी आहे. त्याने आपली तिन्ही मुले मारियामातेच्या स्वाधीन करून टाकली. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, आणि सगळ्याच गोष्टींकडे आपण एकटे पाहू शकत नाही. तेव्हा यापुढे त्यांची काळजी तिने वाहावी, असे त्याचे म्हणणे. दिवसभर राबून संध्याकाळी मूल शेजारणीच्या ओटीत घालणाऱ्या मजुराचा हा सूर आहे. चार वर्षे जी गाठ युक्तिवादाने, मध्यस्थीने आणि अश्रूंनी सुटली नव्हती, ती त्याने सोडवली नाही. उचलून दुसऱ्याच्या हाती दिली. १९११ साली लिहिलेल्या काव्यात त्याने आशेला एका लहान मुलीचे रूप दिले होते. श्रद्धा आणि प्रीती या दोन थोरल्या बहिणींच्या मधून ती चालते. लोकांना वाटते की थोरल्या तिला नेत आहेत. वास्तविक ती धाकटीच दोघींना ओढून नेत असते. शार्त्रच्या वाटेवर ही कल्पना कवितेतून उतरून त्याच्या पायांत आली.

या यात्रेने पेगीचा साधुपुरुष झाला, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. कॅथीड्रलमध्ये शत्रूंसाठी प्रार्थना करणाऱ्या याच माणसाने पुढच्याच वर्षी झाँ झोरेस या समाजवादी पुढाऱ्यावर, आपल्या एकेकाळच्या सहकाऱ्यावर, अत्यंत कठोर आणि अनुदार शब्दांत हल्ला केला. ३१ जुलै १९१४ रोजी झोरेसचा खून झाला. त्याला पेगी जबाबदार नव्हता. परंतु ते शब्द त्याच्या चाहत्यांनाही आजवर खुपत आले आहेत. तीर्थावरून परतलेला माणूस आपला स्वभाव तीर्थावर ठेवून येत नाही. रागीटपणा, हट्ट, कर्जाचे ओझे, घरातला अबोल पेच हे सर्व तसेच घरी त्याची वाट पाहत होते.

तरी काही एक बदलले होते, आणि त्याचा पुरावा १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दीर्घ कवितेत आहे. बोसचे मैदान मारियामातेला अर्पण करणारी ही कविता चार चार ओळींच्या कडव्यांनी चालते, आणि तिची लय खरोखरच चालणाऱ्याच्या पावलांची आहे. एक पाऊल दुसऱ्यासारखेच, आणि तरीही प्रत्येक पावलाने वाट सरते. एकच विचार थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येत राहतो, जशा गवताच्या काड्या एकीशेजारी एक बसवीत आई खुर्चीची बैठक विणीत असे. गव्हाचे शेत तेथे समुद्र होते आणि मनोरा दीपस्तंभ. या कवितेच्या जोडीला कॅथीड्रलमधील पाच प्रार्थना आहेत. त्यांत तो आपले दुःख दूर कर असे मागत नाही, दोन वाटांतली सोपी वाट दे असेही म्हणत नाही. निष्ठेची वाट ढळू नये एवढेच मागतो. आणि शेवटाकडे, आपल्या वाट्याला काही कृपा येणार असेल तर ती मागे राहिलेल्या कोवळ्या जिवांकडे वळवावी, अशी विनवणी करतो. स्वतः दाराशी उभा राहून आतला घास दुसऱ्यासाठी मागणारी ही प्रार्थना आहे.

१९१३ सालच्या जुलैमध्ये तो पुन्हा एकदा पायी शार्त्रला गेला. तिसऱ्या यात्रेचा योग नव्हता. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि राखीव दलाचा लेफ्टनंट म्हणून पेगी आघाडीवर गेला. ५ सप्टेंबर १९१४ रोजी, मार्नच्या मोठ्या लढाईच्या आदल्या दिवशी, व्हिलरूआ या गावाजवळच्या शेतात आपल्या तुकडीला पुढे नेताना कपाळावर गोळी लागून तो पडला. त्याचे वय तेव्हा ४१ होते. त्याचा धाकटा मुलगा त्याच्या मृत्यूनंतर, १९१५ साली जन्मला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ज्या शार्लोतने पतीच्या हयातीत कोणाच्याही आग्रहाला मान तुकवली नाही, तिने पतीच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. मुलांपैकीही काहींनी घेतला. याला नवस फळला म्हणावे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र निश्चित, की तो निर्णय तिच्यावर कोणी लादला नव्हता. पेगीने तिच्यावर बळजोरी केली असती, तर पुढे घेतलेला हा निर्णय तिचा स्वतःचा राहिला नसता.

आणि त्याची वाट? १९३५ साली पॅरिसचे मूठभर विद्यार्थी पेगीच्या पावलांवर पाऊल ठेवून शार्त्रला पायी गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही संख्या हजारांवर गेली. १९८३ पासून पेंटेकॉस्टच्या सणाला पॅरिसहून तीन दिवसांची दुसरी एक मोठी पदयात्राही निघू लागली आणि तिच्यातही आज हजारो तरुण चालतात. त्यांच्यातले सगळेच काही दृढ श्रद्धेचे नसतात. कोणी मित्राच्या सोबतीने येतो, कोणी मनातली एखादी अडलेली गोष्ट घेऊन येतो, कोणाला आपण का आलो हे सांगताही येत नाही.

श्रद्धा पुन्हा सापडणे म्हणजे सर्व प्रश्न सुटून सुरक्षित घरी पोहोचणे, अशी एक समजूत आहे. पेगीचे आयुष्य तिला दुजोरा देत नाही. त्याला श्रद्धा सापडली तेव्हाच त्याचे प्रश्न अधिक बिकट झाले. विवाह, मित्र, वर्गणीदार, सर्वांशी असलेले नाते ताणले गेले. सापडलेली श्रद्धा मिरवावी असे त्याला वाटले नाही, तिच्या जोरावर दुसऱ्याचे मन मोडावे असेही वाटले नाही. आपल्या माणसांचा हात न सोडता देवाकडे जायचे, तर वाट लांबची घ्यावी लागते. ती तो चालला, आणि जेथवर जाता आले तेथवर जाऊन त्याने उरलेले अंतर दुसऱ्या कोणावर सोपवले.